बैठे वर्तन व स्तनकर्करोगोत्तर हृदयस्वास्थ्य

जागेपणी बसून, रेलून किंवा पडून राहताना विश्रांतावस्थेच्या दीडपट (१.५ मेट) वा त्याहून कमी ऊर्जा खर्च होत असेल, तर त्यास बैठे वर्तन म्हणतात. व्यायामाच्या अभावाहून ते वेगळे आहे. सकाळी तासभर चालून उरलेला दिवस खुर्चीत काढणारी स्त्री व्यायाम करणारी असूनही बैठीच ठरते.

या विचाराचे मूळ बहुधा जेरेमी मॉरिस व सहकाऱ्यांच्या लंडनमधील पाहणीत (१९५३) मानले जाते. दुमजली बसचे चालक दिवसभर बसून असत, तर वाहक जिना चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयरोहिणीविकार (हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचा आजार) कमी आढळला. मात्र याच गटाने १९५६ मध्ये गणवेशाच्या मापांवरून दाखविले की, चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर तरुण वयातही वाहकांपेक्षा मोठा होता. म्हणजे बसण्याने हृदय बिघडले, की मुळात स्थूल माणसेच चालक झाली, हा प्रश्न उरलाच. शिवाय तेथे बसणे व हालचाल वेगवेगळी मोजलेली नसल्याने, स्वतंत्र संकल्पना म्हणून बैठेपणाचा काळ साधारणतः २००० नंतरचा धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

स्तनकर्करोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण त्यांच्या हृदयाला उपचारांची झळ आधीच लागलेली असते. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगनाशक औषधाने होणारी हृदयाची हानी एकूण मात्रेबरोबर वाढते. ट्रॅस्टुझुमॅब या स्तनकर्करोगावरील दुसऱ्या औषधाने येणारी हृदयाची दुर्बलता पुष्कळदा औषध थांबविल्यावर भरून येते. स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या अध्ययनात (२०१३) किरणोपचारात हृदयाला मिळालेल्या सरासरी प्रारणमात्रेच्या दर ग्रेमागे (ग्रे हे प्रारणमात्रेचे एकक) गंभीर हृदयरोहिणी घटनांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेले दिसले. लागोपाठच्या अशा आघातांत वजनवाढ आणि निष्क्रियता यांचीही भर पडते, अशी मांडणी ली जोन्स व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये केली. त्यांच्याच २०१२ च्या अध्ययनात या स्त्रियांची कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता (पराकोटीच्या श्रमात शरीर वापरू शकते तेवढा प्राणवायू), व्यायाम न करणाऱ्या निरोगी स्त्रियांच्या तुलनेतही, सरासरी २७ टक्के कमी भरली. डॅलस येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता त्यांची क्षमता जवळजवळ तेवढीच घटली होती. त्यामुळे ही घट केवळ औषधांच्या माथी मारता येत नाही.

कार्यकारणाची दिशा मात्र वादग्रस्त आहे. दुबळ्या हृदयाने थकवा येतो, ॲरोमाटेज-रोधक (शरीरातील इस्ट्रोजेन घटविणाऱ्या) गोळ्यांनी सांधे दुखतात आणि म्हणून बसणे वाढते, असेही घडते. मोजमापही सदोष असते : कमरेला लावलेल्या त्वरणमापकाला (हालचाल टिपणाऱ्या उपकरणाला) स्तब्ध उभे राहणे व बसणे यांतला फरक नीट कळत नाही, मांडीवर लावलेल्याला कळतो. दहा लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१६) रोज ६०–७५ मिनिटांच्या मध्यम श्रमाने दीर्घ बैठकीशी निगडित वाढीव मृत्यूधोका जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. परंतु थकलेल्या रुग्णेला एवढे श्रम क्वचितच झेपतात. त्यामुळे बैठक मध्येच मोडून थोडे उठणे-फिरणे हाच तिच्यासाठी व्यवहार्य आरंभ होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना कर्करोगातून बचावलेल्यांनाही बसणे कमी करण्यास सांगतात, पण तासांची मर्यादा ठरवीत नाहीत.

बैठेपणा मोजणाऱ्या प्रश्नावल्यांचा भर दूरचित्रवाणी व कचेरीतील खुर्चीवर असतो. जमिनीवर मांडी घालून भाजी निवडणेही सामान्यतः बैठेच असते. उकिडवे बसण्यात मात्र, टांझानियातील हाद्झा लोकांच्या अध्ययनानुसार (२०२०), पायांचे स्नायू खुर्चीपेक्षा अधिक कार्यरत राहतात.