शेतीशाळा

शेतीशाळा म्हणजे शेतकऱ्यांची थेट शेतात भरणारी शाळा. एकाच गावातले साधारण 25-30 शेतकरी पेरणीच्या आधीपासून काढणीपर्यंत दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला एकाच वावरात जमतात, पीक बघतात, मोजतात, आपसात बोलतात आणि पुढं काय करायचं ते स्वतःच ठरवतात. ज्याचं वावर असतं त्याला यजमान शेतकरी म्हणतात. वावराचे दोन तुकडे करतात, एकात शिकलेल्या पद्धतीनं आणि दुसऱ्यात नेहमीच्या पद्धतीनं पीक घेतात, म्हणजे फरक कुणी सांगायची गरजच राहत नाही. महाराष्ट्रात कृषी विभाग शेतीशाळा घेतो. 2018 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीनं सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात (लोक याला पोकराच म्हणतात) विदर्भ-मराठवाड्यासकट 15 जिल्ह्यांतल्या हजारो गावांत हीच पद्धत वापरली गेली.

सुरुवात मात्र इंडोनेशियातली आणि भाताच्या शेतातली. तिथं भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता, सरकार कीटकनाशकांवर सबसिडी देत होतं आणि जितकी फवारणी वाढली तितके तुडतुडे वाढले, कारण औषधानं आधी मेले ते तुडतुडे खाणारे कोळी आणि बाकीचे मित्रकीटक, तुडतुड्याची अंडी मात्र खोडाला लपेटलेल्या पानाच्या आवरणात सुखरूप राहायची. शेवटी 1986 मध्ये तिथल्या सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण औषध बंद केलं तरी शेतकऱ्याला किडी ओळखता यायला हव्यात ना, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं 1989 मध्ये मध्य जावात पहिल्या शेतीशाळा भरल्या. आज जगातल्या 90 हून जास्त देशांत त्या पोचल्यात.

वर्ग सकाळी लवकर सुरू होतो कारण ऊन चढलं की किडी पानाखाली जातात. पाच-पाच जणांचे गट पडतात, प्रत्येक गट ठरलेली झाडं नीट बघतो, पानं उलटी करून मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी मोजतो. मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनी झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला शत्रुकीटक, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, आकड्यांसकट, आणि खाली हवामान, जमिनीतली ओल, तण. चित्र काढायला सुरुवातीला म्हातारी माणसं लाजतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाला तीच सगळ्यात बारीक चित्र काढतात.

ढालकिड्याची (म्हणजे मावा खाणाऱ्या लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी हे शेतीशाळेतलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे असं मला वाटतं. काळपट, अंगावर नारिंगी ठिपके, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी. बहुतेक जण तिला बघून घाबरतात आणि पंप काढतात. शेतीशाळेत काय करतात, तर बरणीत मावा लागलेलं पान ठेवायचं, त्यात ही अळी सोडायची, तोंडाला मलमलचं फडकं बांधायचं आणि दुसऱ्या दिवशी मावा मोजायचा. पान साफ झालेलं एकदा डोळ्यानं बघितलं की तो माणूस पुन्हा त्या अळीवर औषध मारत नाही.

कपाशीत गुलाबी बोंडअळीचं तसंच. फुलांच्या वेळेला पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारखं झालेलं फूल दिसतं, त्याला डोमकळी म्हणतात, ती उघडली की आत अळी सापडते. अशा डोमकळ्या वेचून नष्ट करायच्या. पुढं कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढून घेणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा वावरातली 20 हिरवी बोंडं फोडून त्यातल्या दोनात अळी निघाली, तरच उपाय करायचा, याला आर्थिक नुकसान पातळी म्हणतात. नुसती कीड दिसली म्हणून फवारायचं नाही, ही एवढी एक सवय लावायला अख्खा हंगाम लागतो. 2017 मध्ये बोंडअळी उसळली त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत उभं राहून औषधं एकत्र मिसळून मारणं किती महागात पडतं ते तेव्हा सगळ्या राज्यानं बघितलं.

सोयाबीनची शेतीशाळा असेल तर पहिला धडा गोणपाटाचा. घरचं बियाणं घेऊन 100 दाणे ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं कोंब मोजायचे. 70 च्या वर उगवले तर बियाणं बिनधास्त पेरा, त्याखाली आले तर एकरी बियाणं वाढवा. दुकानातली बॅग विकत घ्यायचा खर्च तिथंच वाचतो.

शेतीशाळा म्हणजे पूर्ण सेंद्रिय शेती नव्हे, रासायनिक औषध शेवटचा उपाय म्हणून चालतं. पण सेंद्रियकडं वळणाऱ्या गटांनाही हीच पद्धत सोयीची पडते. एका एकराचं जीवामृत (जमिनीतले जिवाणू वाढवायला घरीच आंबवलेलं द्रावण) म्हणजे 200 लिटर पाणी, 10 किलो ताजं शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, बांधावरची मूठभर माती. हे वाचून कुणालाच येत नाही, ड्रममध्ये एकदा स्वतः काठी फिरवावी लागते.

अडचणी पण खऱ्या आहेत. वर्ग बाप्यांना सोयीच्या वेळेला भरतो, आणि निंदणी-वेचणी करणाऱ्या, म्हणजे किडी सगळ्यात आधी बघणाऱ्या बाया तेव्हा कुणाच्या तरी वावरात मजुरीला असतात, म्हणून महिलांच्या वेगळ्या शेतीशाळा घ्यायला लागल्या ते फार बरं झालं. काही ठिकाणी सह्या आणि फोटो होतात, शाळा होत नाही. आणि वेळापत्रक चुकलं की सगळंच चुकतं. 5 टक्के निंबोळी अर्क लागतो ऑगस्टमध्ये, पण निंबोळ्या पडतात जूनच्या आसपास, तेव्हाच वेचून वाळवून ठेवल्या नाहीत तर 100 लिटर पाण्याला लागणारी पाच किलो पावडर आणायची कुठून, म्हणून जाणता प्रशिक्षक पहिला वर्ग पेरणीच्या आधी घेतो आणि येताना रिकामं पोतं आणायला सांगतो.