तबकडी ते डाउनलोड: सीमाभागातल्या गाण्यांच्या विक्रीचा हिशेब

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आता पोवाड्यांचा, भजनांचा किंवा भावगीतांचा नवा संच निघाला की तो थेट मोबाइलवर येतो. तो काढणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. लोकांपर्यंत न्यायचा कसा, आणि किती जणांनी पैसे मोजून घेतला हे कळायचं कसं? जाहिरात एकाकडे आणि हिशेब दुसऱ्याकडे, अशी या कामांची वाटणी होते. संगीत कंपन्यांचा सव्वाशे वर्षांचा व्यवहार पाहिला की ही वाटणीच चुकीची आहे, असं माझं ठाम मत बनतं. विक्रीची वाट आखतानाच तिच्यावर मोजणी बसवावी लागते. ती राहून गेली तर मागाहून आकडा जुळवता येत नाही.

सुरुवात तबकडीपासून करावी लागते. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जान यांच्यासह अनेकांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि बोटीने परत येत. 1908 पर्यंत कलकत्त्यातच कारखाना सुरू झाला. मराठी मुलखात या नव्या धंद्याला नाट्यसंगीताची तयार बाजारपेठ मिळाली, आणि तिची पाळंमुळं आपल्या भागात आहेत. 1880 मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. नाटक गावोगाव फिरे, पद लोकांच्या तोंडी बसे आणि मग तेच पद तीन-साडेतीन मिनिटांत बसवून तबकडीवर विकलं जाई. वेगळ्या जाहिरातीची फारशी गरजच नव्हती. याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 मध्ये जन्मलेल्या कुमार गंधर्वांच्या तबकड्या तर ते लहान असतानाच निघाल्या.

हिशेबाचं काय? प्रत्येक तबकडीवर क्रमांक असे. कंपनीला किती नग छापले आणि कोणत्या विक्रेत्याकडे किती पाठवले हे ठाऊक असे. पुढे कोणी विकत घेतलं, कोणत्या भाषेच्या माणसाने घेतलं, हे दुकानदाराच्या डोक्यातच राही. अमेरिकेत 1958 पासून सुवर्ण तबकडीचे अधिकृत मान सुरू झाले, तेही कंपनीने बाजारात धाडलेल्या मालावर आधारलेले होते.

त्याआधी दोनच वर्षं, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून राज्यावरून बाजार आखणाऱ्या कोणाच्याही नकाशात हा भाग कन्नड बाजारात मोडतो. ऐकणारं घर मराठी असलं तरी आकड्यात ते कर्नाटकाचं घर असतं. सीमाप्रश्नाच्या चर्चेत शाळा आणि पाट्या येतात, गाण्याचा हा हिशेब क्वचितच येतो. तो यायला हवा.

कॅसेटने सगळंच उलटंपालटं केलं. तबकडीला कारखाना लागे, कॅसेटची नक्कल कुठल्याही खोलीत होऊ लागली. 1983 मध्ये सुरू झालेल्या टी-सीरीजने कमी किमतीच्या कॅसेटी पानपट्टीपासून किराणा दुकानापर्यंत पोहोचवल्या. याच काळात स्थानिक शाहीर, भजनी मंडळं, जोगती यांचं गाणं पहिल्यांदा विकाऊ माल म्हणून बाहेर पडलं. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर कोल्हापूरकडचे आणि कर्नाटकातले भाविक एकत्र येतात. तिथे चौंडक्याच्या तालावरची देवीची गाणी मराठीतही ऐकू येतात आणि कन्नडमध्येही. जत्रेतल्या कॅसेटवाल्याची जाहिरात म्हणजे त्याचा कर्णा. जे गाणं मोठ्याने वाजे तेच खपे, आणि थांबून ऐकणारं गिऱ्हाईक तिथेच पैसे काढी. गाणं ऐकवणं आणि विकणं यांत एका हाताचंही अंतर नव्हतं. इतकी नेमकी जाहिरात नंतर कोणत्याही कंपनीला जमलेली नाही.

मोजणी मात्र याच काळात पार कोलमडली. ठोक विक्रेता गठ्ठे देई, उरलेला माल परत घेई आणि वहीत फरक मांडून मोकळा होई. बनावट नकलांची तर वहीच नव्हती. 1984 मध्ये प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन कॅसेटवर आणि वेष्टनावर निर्मात्याचं नाव, पत्ता व प्रकाशनाचं वर्ष छापणं बंधनकारक झालं, शिक्षाही वाढल्या. तरी खेडोपाडी वाजलेल्या या गाण्यांचा भरवशाचा आकडा आज कुठेच सापडत नाही. ज्यांच्या आवाजावर जत्रा गाजल्या त्यांना आपल्या किती कॅसेटी गेल्या हे कधी सांगता आलं नाही, म्हणून वाटा मागायलाही आधार उरला नाही. मला ही या इतिहासातली सगळ्यात अन्यायाची गोष्ट वाटते.

अमेरिकेत त्याच सुमाराला उलटी गोष्ट घडली. तिथे बिलबोर्ड या संगीत-नियतकालिकाच्या खपाच्या याद्या दुकानदारांना फोन करून, कोणते अल्बम जास्त खपतात असं विचारून बनत. 1991 मध्ये साउंडस्कॅन या विक्री मोजणाऱ्या यंत्रणेने काउंटरवर वाचलेल्या बारकोडवरून आकडे घ्यायला सुरुवात केली आणि मे महिन्यात यादीच पालटली. खेड्यांत ऐकलं जाणारं कंट्री संगीत आणि वस्त्यांमधलं रॅप एकदम वर आलं. ते आधीही खपत होतंच, फोनवर सांगणाऱ्याच्या तोंडी येत नव्हतं. भारतात अशी मोजणी रुजली नाही.

डिजिटल विक्रीचा पाया त्याआधीच घातला गेला होता. 1986 मध्ये ध्वनिमुद्रणांसाठी बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा आंतरराष्ट्रीय संकेत ठरला. तो प्रत्येक गाण्याला मिळतो, आणि पूर्ण अल्बमला वेगळा बारकोड क्रमांक असतो. हा फरक महत्त्वाचा आहे. एकच गाणं मूळ अल्बममध्ये आणि एखाद्या संकलनात असेल तर गाण्याचा संकेत तोच राहतो, अल्बम कोणता विकला गेला ते बारकोडवरूनच कळतं.

28 एप्रिल 2003 रोजी ॲपलचं आयट्यून्स दुकान उघडलं आणि गाणं सुटं विकत मिळू लागलं. अल्बम टिकवण्यासाठी कंपन्यांनी उपाय काढले. काही गाणी फक्त पूर्ण अल्बम घेणाऱ्यालाच देणं हा एक, आगाऊ नोंदणी दुसरा. 2007 मध्ये आयट्यून्सने आधी घेतलेल्या सुट्या गाण्यांची रक्कम वजा करून उरलेला अल्बम द्यायला सुरुवात केली. यातलं प्रत्येक आमिष मोजताही येत होतं. गैरवापरही झालाच. 2011 मध्ये एका गाजलेल्या अल्बमची डाउनलोड प्रत 99 सेंटला विकली गेली, तेव्हा बिलबोर्डने पहिल्या चार आठवड्यांत 3.49 डॉलरपेक्षा स्वस्त विकलेल्या प्रती धरायच्या नाहीत असा नियम केला.

आपल्याकडे फ्लिपकार्टचं फ्लाइट हे गाणी डाउनलोड करायचं दुकान 2012 मध्ये आलं आणि 2013 मध्ये बंद झालं. आयट्यून्स दुकान डिसेंबर 2012 मध्ये पोहोचलं. त्याआधी डिजिटल कमाई होती ती कॉलर ट्यूनची. 2011 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने अशा सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली आणि ती ओसरली. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि लोक डाउनलोडचा टप्पा जवळजवळ ओलांडून थेट स्ट्रीमिंगवर गेले. अमेरिकेत अल्बममधली गाणी 1,500 वेळा ऐकली जाणं म्हणजे एक अल्बम विकला जाणं असा हिशेब त्याआधीच रूढ झाला होता.

एवढी यंत्रणा असूनही सीमाभाग तिच्यात अंधुकच दिसतो. आयएसआरसीमध्ये राज्य नसतं. विक्रीच्या अहवालात बहुधा देशाचाच संकेत येतो. शहरानुसार आकडे काही सेवा दाखवतात, पण ऐकणाऱ्याची भाषा त्यांतही नसते. गाण्याची भाषा अल्बम चढवणारा भरतो. म्हणूनच बेळगावात निघालेल्या अल्बमवर ‘मराठी’ नीट भरणं हे संगीत कंपनीचं पहिलं काम. एक कडवं मराठी आणि एक कन्नड असलेल्या देवीच्या गाण्याला एकच भाषा लावावी लागत असेल, तर दुसरी शीर्षकात किंवा वर्णनात आलीच पाहिजे.

उरलेलं काम जत्रेच्या कॅसेटवाल्याकडून शिकता येईल. 2015 पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारी निघतात, पण बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेच्या तिथीवर चालते. पोवाड्यांच्या अल्बमची आगाऊ नोंदणी त्याआधी सुरू व्हावी. कार्यक्रमात डाउनलोडसाठी एकदाच वापरता येणारा कोड छापलेली कार्डं विकावीत, आणि निपाणीची मालिका वेगळी, खानापूरची वेगळी, यल्लम्माच्या डोंगरावरची वेगळी ठेवावी. मग कोड वापरला गेला की ते कार्ड कुठल्या गावात विकलं होतं हे कळतं, जे देशाच्या संकेतातून कधीच कळणार नाही. भजनी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांनाही प्रत्येकी वेगळी लिंक द्यावी.

महिन्याचे अहवाल मात्र त्या त्या महिन्यातच उतरवून स्वतःकडे ठेवायला हवेत. फ्लाइट दीड वर्षही टिकलं नाही, एअरटेलची विंक ही संगीत सेवा 2024 मध्ये बंद झाली. सेवा गेली की तिच्या पडद्यावरचे आकडेही जातात, आणि गायकाला वाटा देताना हातात कागद असावा लागतो.