ओढा एक, नावं चार

ओढ्याला नाव देणारा माणूस सहसा उगमाशी उभा नसतो. तो उभा असतो उतारावर, म्हणजे पायवाट किंवा गाडीवाट ओढा ओलांडते त्या जागी. वरचं पाणी कुठून आलं, खाली कुठे गेलं, याच्याशी त्याचं रोजचं काम नसतं. म्हणून दहा-बारा किलोमीटरच्या ओढ्याला एका शिवारात म्हसोबाचा ओढा म्हणतात, पुढच्या गावात उंबराचा, आणि त्याच्या पुढच्या गावात नुसताच ‘ओढा’, कारण तिथे दुसरा ओढा नाही. नकाशावर जागा एकाच नावाला मिळते. बाकीची तोंडी राहतात आणि वाट बंद पडली की विसरली जातात.

‘ओढा’ हा शब्दही सगळीकडचा नाही. देशावर ओढा, विदर्भात नाला, कोकणात पऱ्या, तळकोकणात आणि गोव्यात व्हाळ. पावसापुरती वाहते ती ओघळ, किंचित मोठा झाला की ओहोळ. शहरात मात्र ‘नाला’ म्हटलं की सांडपाणी डोळ्यांपुढे येतं आणि नदीची पायरी उतरते. कोल्हापुरात पंचगंगेला मिळणारी जयंती ही नदी, पण आता तिला सर्रास जयंती नाला म्हणतात. उलटंही घडतं. नाशिकची नासर्डी कागदोपत्री नंदिनी झाली. असं गोड नाव चढलं की जुन्या नावातली खूण पुसली जाते, आणि अभ्यासाला जुनंच नाव हवं असतं.

नावांतल्या खुणा बहुधा साध्या असतात: काठचं झाड, काठचा देव, पाण्याची चव, पाण्याचा रंग. ‘लेंडी’ नावाचे ओढे अनेक गावांच्या कडेला भेटतात. शिर्डीतल्या लेंडीबागेचं नावही तिथल्या ओढ्यावरूनच आलेलं. पण सर्वांत बोलकी नावं ‘झरी’ची. सह्याद्रीतला काळा पाषाण थरावर थर बसलेला आहे. वरच्या थराच्या भेगांतून पाणी मुरतं, दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यावर किंवा खालच्या अभंग खडकावर अडतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. त्यामुळे एकाच डोंगरावरचे झरे साधारण एकाच उंचीवर रांगेत सापडतात. नावात ‘झरी’ असेल तर उन्हाळ्यात निदान ओलीची जागा शोधावी. नुसत्या ‘ओघळी’कडून ती अपेक्षा नको.

प्रवाह नेमका कुठून जातो हे पाहायचं तर १:५०,००० प्रमाणाचा सर्वेक्षण नकाशा घ्यावा. त्यावर पाणी असलेलं पात्र निळं असतं, कोरडं पात्र काळ्या रेषेत. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, प्रवाहाजवळ टोकदार वळण घेतात आणि ते टोक नेहमी उगमाकडे असतं. डोंगराच्या सोंडेवरची वळणं उताराकडे असतात. नवखा माणूस इथेच फसतो आणि सोंडेलाच ओढा समजतो. डावा काठ, उजवा काठ ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेला हवं. उपग्रहाच्या चित्रावर आणखी एक घोळ होतो: शेताकडेचे चर आणि खोलीकरणात सरळ केलेले नाले ओढ्यासारखेच दिसतात. रेषा पट्टीनं आखल्यासारखी सरळ असेल तर आधी माणसाच्या हातावर संशय घ्यावा. अर्थात खडकातल्या लांब भेगेतून वाहणारा ओढाही सरळ जातो, म्हणून काठावर जाऊन पाहण्याला पर्याय नाही.

पात्र हलवणं आजचं नव्हे. पुण्याचा आंबील ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. जुन्या कसब्याच्या पूर्वेला नागझरी आणि पश्चिमेला हा, अशी गावाची हद्द होती. त्या काळी तो आजच्या पेठांमधून वाहत शनिवारवाड्याच्या बाजूला मुठेला मिळत असे. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला तलाव बांधून दगडी नळानं पाणी शहरात आणलं (नळावरच्या हवा खेळवणाऱ्या मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणतात), पर्वतीखाली तळं झालं आणि ओढा पश्चिमेकडे वळवला गेला. पुढे तळंही गेलं, तिथे सारसबाग आली. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढं टिकलं. वळवलेला ओढा दांडेकर पुलाखालून जातो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री कात्रजच्या बाजूला जोराचा पाऊस झाला तेव्हा हाच ओढा काठच्या वस्त्यांमध्ये शिरला आणि माणसं दगावली.

महसुली कागदांत ओढा शोधायचा तर सातबाऱ्यावर नाव सापडणार नाही, सापडेल ती पोटखराबाची, म्हणजे शेतातल्या लागवडीबाहेरच्या जमिनीची नोंद. ज्या ओढ्याचं पाणी जमीनधारकाखेरीज इतर लोक पिण्याला, घरगुती वापराला किंवा शेतीला घेतात, त्याखालची जमीन पोटखराब वर्ग ‘ब’त धरतात आणि तिच्यावर आकारणी नसते. नावासाठी जुनी खरेदीखतं चाळावी लागतात. त्यांच्या चतुःसीमेत, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दींच्या वर्णनात, ‘पूर्वेस अमुक ओढा’ असं नावानिशी लिहिलेलं असू शकतं. मात्र विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याच्या १९४७च्या एकत्रीकरण कायद्यानंतर जिथे योजना राबवली गेली तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. म्हणून खतातला जुना नंबर कोणत्या गटात गेला ते आधी जुळवावं, मग गावनकाशावर बोट ठेवावं. नाहीतर नाव शेजारच्या ओढ्याला जाऊन चिकटतं.