कोको देब्यू

कोको देब्यू : उच्च माध्यमिक शाळेत पाऊल ठेवताना जुने रूप, जुना स्वभाव मागे टाकून नव्याने वावरायला लागण्याचा जपानी किशोरवयीनांमधील प्रघात. ‘कोको’ म्हणजे पंधरा ते अठरा या वयातली तीन वर्षांची शाळा आणि ‘देब्यू’ म्हणजे पदार्पण. आपल्याकडची दहावी ते बारावीची मुले साधारण याच वयाची असतात. आधीच्या शाळेत बुजरा किंवा एकटा पडलेला मुलगा मार्चअखेरच्या सुट्टीत चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स लावतो, केस नव्या धाटणीने कापतो, मुली भुवया कोरतात आणि आरशासमोर हसण्याचा सराव करतात. एप्रिलमध्ये प्रवेशसमारंभाला सगळे हजर होतात, तेव्हा ती तयारी पणाला लागते. रोमँटिक विनोदी मांगांच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, कितीतरी कथा याच एप्रिलमध्ये सुरू होतात.

हा प्रघात नेमका याच टप्प्यावर का रुजला, याचे उत्तर तिथल्या शाळाव्यवस्थेत आहे. सरकारी प्राथमिक आणि माध्यमिक शाळा राहत्या पत्त्यावरून ठरतात. त्यामुळे सहा अधिक तीन अशी सक्तीच्या शिक्षणाची नऊ वर्षे मूल बहुधा त्याच गल्लीतल्या, त्याच चेहऱ्यांच्या संगतीत काढते. दुसरीत झालेली फजिती नववीतही कुणाच्या तरी लक्षात असते. कोकोला मात्र प्रवेशपरीक्षा असते. ‘हेन्साची’ नावाच्या, सरासरी ५० धरून मोजलेल्या गुणांकावर शाळांची उतरंड लागते आणि एका वर्गातली मुले शहरभर पांगतात. ज्याला आपला भूतकाळ नकोसा झाला आहे तो मुद्दाम लांबची, ओळखीचे कुणी जात नाही अशी शाळा निवडतो आणि रोजचा रेल्वेप्रवास आनंदाने पत्करतो.

पहिले काही आठवडे फार कसोटीचे. वर्गात चाळिसेक मुले असतात. जागा बहुतेक वेळा आडनावाच्या वर्णक्रमाने मिळते, म्हणजे पहिला शेजारी कोण हे आडनावच ठरवते. मग एकेकाने उभे राहून स्वतःची ओळख करून द्यायची : नाव, आधीची शाळा, छंद, कोणत्या क्लबात जायचे आहे. जपानी शाळेत मुले वर्गातच बसतात आणि शिक्षक बदलतात, त्यामुळे हेच चाळीस चेहरे वर्षभर समोर राहणार. प्राथमिक शाळेसारखे शाळेकडून मिळणारे जेवण कोकोत सहसा नसते. जो तो डबा आणतो. डबा कुणाबरोबर उघडायचा, हा प्रश्न बाहेरच्याला किरकोळ वाटेल, पण बाके जोडून बसलेले घोळके दिसू लागले की एकटे कोण आहे ते सगळ्या वर्गाला कळते. मे महिन्याच्या सुरुवातीच्या ‘गोल्डन वीक’ सुट्टीपर्यंत हे घोळके बरेचसे पक्के झालेले असतात.

हा शब्द नेहमी कौतुकाने वापरला जात नाही. पूर्वी साधा असलेला मुलगा कोकोत आल्यावर एकदम दांडगाई करू लागला की जुने दांडगोबा त्याला याच शब्दाने हिणवत. आजही ‘त्याचा देब्यू फसला’ म्हणताना उसने अवसान उघडे पडल्याचा टोमणा असतो. शाळेच्या नियमांशीही या प्रघाताची गाठ पडते, कारण केस रंगवायला बहुसंख्य शाळांत बंदी असते. हे नियम इतके ताणले गेले की जन्मतः तपकिरी केस असलेल्या मुलींनाही ते काळे करायला सांगितले जाई. ओसाका प्रांतातल्या एका विद्यार्थिनीने २०१७ मध्ये याविरुद्ध दावा लावला. २०२१ मध्ये न्यायालयाने नियम वैध ठरवला, मात्र शाळेने तिचे नाव वर्गाच्या यादीतून काढल्याबद्दल तिला ३,३०,००० येन भरपाई मिळाली. तोक्योच्या महानगरी शाळांनी अशी सक्ती एप्रिल २०२२ पासून काढून टाकली.

या साऱ्याच्या तळाशी माणसांची धास्ती आहे, आणि ती थट्टेवारी नेण्याजोगी नाही. आपली नजर, लाजणे किंवा अंगाचा वास यांमुळे समोरच्याला त्रास होत असेल, या भीतीला जपानी मानसोपचारात ‘ताईजिन क्योफुशो’ म्हणतात. मोरिता उपचारपद्धतीचे जनक शोमा मोरिता (१८७४–१९३८) यांनी तिचा अभ्यास केला आणि १९९४ मध्ये अमेरिकी मनोविकार-नियमावलीच्या चौथ्या आवृत्तीत तिची दखल घेतली गेली. तरुणांच्या बोलण्यातला ‘कोम्युशो’ हा शब्द मात्र वैद्यकीय निदान नव्हे. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्याला तो सरसकट चिकटवला जातो.

मांगामध्ये या प्रघाताचे नावच धारण करणारी मालिका म्हणजे काझुने कावाहारा यांची ‘कोको देब्यू’ (२००३–२००८, १३ खंड). ‘बेस्सात्सु मार्गारेट’ मासिकात ती प्रसिद्ध झाली. माध्यमिक शाळेत सॉफ्टबॉलला वाहून घेतलेली हारुना आता तेवढ्याच जिद्दीने प्रेमात पडायचे ठरवते. कपडे कसे निवडावेत हेही तिला कळत नाही, म्हणून ती यो या मुलाला आपला प्रशिक्षक व्हायला भाग पाडते. त्याची अट एकच : माझ्या प्रेमात पडायचे नाही. ती अट मोडणार हे वाचकाला पहिल्या खंडातच ठाऊक असते; तरी गोडी टिकते, कारण हारुना बदलण्यासाठी घाम गाळते आणि त्याची तिला जराही लाज वाटत नाही.

नंतरच्या मालिकांत धास्ती अधिक उघडपणे येते. तोमोहितो ओदा यांच्या ‘कोमी-सान वा, कोम्युशो देसु’ (२०१६–२०२५) मधली शोको कोमी सगळ्यांना गर्विष्ठ सुंदरी वाटते, प्रत्यक्षात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. पहिल्याच भागात ती आणि शेजारच्या बाकावरचा तादानो रिकाम्या वर्गात खडूने फळ्यावर लिहून एकमेकांशी बोलतात आणि पाहता पाहता फळा भरून जातो. इतके बोलण्यासारखे साठलेले असूनही ती गप्प कशी होती, ते त्या एका प्रसंगात कळते. खुद्द तादानोचा देब्यू उलट्या दिशेचा आहे : माध्यमिक शाळेत स्वतःला अद्‌भुत शक्तीचा नायक समजून केलेल्या वागण्याची लाज वाटून त्याने कोकोत अगदी सर्वसामान्य राहायचे ठरवलेले असते.

तेरेन मिकामी यांच्या २०२० पासूनच्या कादंबरीमालेत, मुश्शू यांनी काढलेल्या तिच्या मांगात आणि २०२५ च्या अॅनिमेत (जपानी ॲनिमेशन मालिकेत) हा धागा सर्वांत पुढे नेला आहे. ‘वातानारे’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. तिची नायिका रेनाको हिचा देब्यू यशस्वी होतो, वर्गातल्या सर्वांत झगमगत्या घोळक्यात तिला जागा मिळते, आणि तिथेच तिचा दम उखडतो. हसत राहणे, वेळेवर उत्तर देणे, रुसवेफुगवे ओळखणे याने ती इतकी थकते की गच्चीवर पळ काढते. तिथे त्या घोळक्याची राणी माई तिला गाठते आणि पुढे तिच्या प्रेमात पडते. रेनाकोला मात्र हवी असते मैत्रीण. रूप पालटल्यावर ते रोज निभावण्याचे कष्ट इतक्या आपुलकीने मांडणे, हे या मालेचे खरे मोल होय.

इओ साकिसाका यांच्या ‘आओ हारु राइड’ (२०११–२०१५) मध्ये फुताबा गोड दिसण्यामुळे मुलींच्या रोषाला पात्र झालेली असते, म्हणून कोकोत ती मुद्दाम धसमुसळी, खादाड होते. मैत्रिणी मिळतात, पण त्या सोंगावर बेतलेली मैत्री पहिले वर्ष संपता संपता तुटते. जपानी शाळांत दर एप्रिलला वर्गांची नव्याने वाटणी होते. दुसऱ्या वर्षाच्या नव्या वर्गात फुताबा कुणी न सांगता वर्गप्रतिनिधी होण्यासाठी हात वर करते.