सुक्या बोंबलाचा वास आणि बाप होणं

हर्णैला बोंबील वाळत पडले की घाटावरचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो आणि गावकऱ्याला भूक लागते. पण त्याच किनाऱ्यावर वाढलेल्या एखाद्याला हा वास जन्मात कधी आलाच नसेल तर? त्यातून दाढी-मिशी नावापुरती, आवाज पोरासारखा आणि लग्नाला चार वर्षं होऊनही पाळणा हलत नसेल, तर डॉक्टरांना कालमन सिंड्रोमची शंका येते: जन्मापासून वासही नाही आणि वृषणांना चालवणारी हार्मोन्सही नाहीत, असा आजार. हार्मोनची इंजेक्शनं घेऊन शुक्राणू वाढतात का, या प्रश्नाचं उत्तर या आजारात ‘हो’ असतं, सगळ्यांसाठी नाही.

नाकाचा आणि वृषणांचा संबंध काय? गर्भात असताना जीएनआरएच हे पिट्युटरी ग्रंथीला हुकूम देणारं हार्मोन बनवणाऱ्या पेशी नाकाच्या बाजूला तयार होतात आणि वासाच्या मज्जातंतूंचा माग धरून मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागापर्यंत चालत जातात. ही वाट अर्ध्यावर मोडली की वासही जातो आणि पुढचा हुकूमही. हुकूम नाही म्हणून मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही वृषणांना चालना देणारी हार्मोन्स सोडत नाही. वृषणं असतात, पण त्यांना कामाला लावणारं कोणी नसतं.

इथे इंजेक्शनं खरंच कामाला येतात. एलएचचं काम एचसीजी करतं, आठवड्यातून दोन-तीनदा. पुढे जोडीला एफएसएच. (एचसीजी मुळात गरोदर बायकांच्या लघवीतून मिळवत. बाप होण्यासाठी गर्भारपणाचं हार्मोन!) एक शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस आणि पक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून दर महिन्याला रिपोर्ट काढून जीव टांगणीला लावू नये. सहा महिने ते दोन वर्षंही लागतात. शुक्राणू थोडेच आले, तर इक्सी आहे: 1992 पासून एकेक शुक्राणू थेट बीजांडात सोडून मुलं जन्मली आहेत.

ज्यांची हार्मोन्स मुळात ठीक आहेत, त्यांना इक्सीआधी एफएसएच देऊन कितपत फायदा होतो, याचा पुरावा अजून कच्चाच आहे. आणि शुक्राणू बाहेर नेणारी नळी बंद असेल तर हार्मोनने ती उघडत नाही.

आणि जिममध्ये कुणी सुचवलेलं टेस्टोस्टेरॉन? ते तर उलटंच. बाहेरून माल आला की मेंदू एलएच-एफएसएच थांबवतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, पण वृषणात, जिथे ते रक्ताच्या कितीतरी पट लागतं, तिथे दुष्काळ. शुक्राणू शून्यावर येऊ शकतात आणि इंजेक्शन बंद केल्यावरही परतायला कित्येक महिने लागतात.

कालमनचा रुग्ण उपचारांनी बाप होऊ शकतो, दाढीही येते. बोंबलाचा वास मात्र त्याला येत नाही.