सेप्टिक टँक बंद करून ड्रेनेज जोडणी घ्यायची आहे? नाशिककरांसाठी अर्जाची माहिती

या कामात अर्ज भरणे सर्वांत सोपे. घोडे अडते ते उतारावर. म्हणून कागदपत्रांच्या झेरॉक्स काढण्याआधी महापालिकेची ड्रेनेज लाइन तुमच्या रस्त्यावरून खरोखर गेली आहे का आणि ती किती खोल आहे, हे बघून घ्या. आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, पाथर्डी, विहितगाव या बाजूंना मळ्यांतल्या घरांनी आणि जुन्या बंगल्यांनी आपापले सेप्टिक टँक बांधले. नंतर रस्त्यावर लाइन आली, तरी टँक तसेच राहिले.

आपल्याकडे ते राहून भागत नाही. कोकण किनाऱ्यावर वाळूतून टँकचे पाणी थेट विहिरीत उतरण्याची भीती असते. नाशिकला मुरुमाखाली काळा पाषाण लागतो. शोषखड्डा एकदा भरला की पाणी मुरत नाही. ते नाल्यात जाते आणि नाला नासर्डी, वालदेवी किंवा गोदावरीला मिळतो. ड्रेनेज लाइनमधले पाणी मात्र तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर अशा मलनिःसारण केंद्रांकडे जाते.

उतार मोजायला परवानाधारक प्लंबर घ्या. चार इंची पाइपाला साधारण चाळीस फुटांमागे एक फूट आणि सहा इंची पाइपाला साठ फुटांमागे एक फूट उतार लागतो. माप घराबाहेर पडणाऱ्या संडासाच्या पाइपापासून धरायचे, टँकच्या तोंडापासून नाही, कारण टँक मध्ये ठेवायचाच नाही. प्लॉट रस्त्याहून खाली असेल तर पंप बसवावा लागतो किंवा मागच्या गल्लीतली लाइन गाठावी लागते. त्या लाइनपर्यंतचा पाइप शेजाऱ्याच्या जागेतून न्यावा लागत असेल तर त्यांची लेखी संमती आधीच घ्या. तोंडी 'हो' खोदकाम सुरू झाले की बदलते.

अर्ज मालकाने करायचा. भाडेकरू असाल तर मालकाचे संमतीपत्र जोडा. सोसायटीचा अर्ज अध्यक्ष किंवा सचिवांच्या सहीने जातो, सोबत ठरावाची प्रत लागते. एका फ्लॅटधारकाने स्वतंत्र अर्ज करून उपयोग नाही.

मालकीसाठी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, नाहीतर खरेदीखताची प्रत तयार ठेवा. त्याबरोबर घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू पावत्या, ओळखपत्र, असेल तर मंजूर नकाशा व पूर्णत्वाचा दाखला, आणि प्लंबरने सही केलेला नकाशा. या नकाशात घर, जुना टँक, नवीन चेंबर आणि मेन लाइन एवढे दिसले पाहिजे. बरेच अर्ज थकबाकीवर अडतात. घरपट्टी बाकी असेल तर आधी ती भरा. घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर असेल, तर नाव लावण्याचा अर्ज वेगळा आणि तो आधी करा. घरपट्टीच्या बिलावरचा इंडेक्स क्रमांक अर्जात अचूक लिहा.

अर्ज तुमच्या विभागीय कार्यालयात द्यायचा. महापालिकेचे सहा विभाग आहेत : नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. शरणपूर रोडच्या राजीव गांधी भवनात थेट गेलात तर बहुधा परत विभागातच पाठवतील. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवांची मुदत आणि जबाबदार अधिकारी कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर तीस दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि त्यासाठी पोचच लागते.

पुढे अभियंता जागा पाहतो आणि शुल्काचे चलन निघते. रस्ता फोडायचा असेल तर त्याची परवानगी व शुल्क वेगळे. पैसे चलनानेच भरा, कोणाच्या हातात देऊ नका. पावसाळ्यात खोदाईला सहसा परवानगी मिळत नाही, शिवाय २०२७ च्या सिंहस्थामुळे रस्त्यांची कामे निघालेली आहेत. तुमचा रस्ता काँक्रीटचा होणार असेल तर अर्ज त्याआधी गेला पाहिजे. नवा रस्ता फोडू देणे कोणत्याच अधिकाऱ्याला आवडत नाही, आणि त्यात त्यांचे चुकतेही नाही.

जोडणी झाली तरी टँक उरतो. खर्च वाचवायला काही जण टँकमधून बाहेर पडणारा पाइप तेवढा लाइनला जोडतात. असे करू नका. मैला टँकमध्ये साचतच राहतो आणि उपसा काही चुकत नाही. घराचा पाइप टँकला वळसा घालून थेट नव्या चेंबरमध्ये न्या. मग टँक सक्शन गाडीने रिकामा करून घ्या, तळाला भोके पाडा, मुरूम-डबर भरून वरून दाबा. तळ फोडण्याचे काम स्लॅब काढून, टँक पूर्ण मोकळा झाल्यावर आणि वरूनच करायचे.

टँकमध्ये माणूस उतरवू नका, ठेकेदार 'आमची रोजची सवय आहे' म्हणाला तरी. आतला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणूस मारतो आणि त्याला काढायला उतरणाराही मरतो. सुरक्षा साधनांशिवाय टँक साफ करायला माणूस लावणे हा २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि काम सांगणारा घरमालकही त्यातून सुटत नाही. यांत्रिक सफाईसाठी १४४२० हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप मात्र नव्या चेंबरला जोडू नका. मोठ्या पावसात लाइन तुंबते आणि खालच्या घरांच्या संडासातून घाण वर येते. ते पाणी पावसाळी गटारात किंवा बागेत सोडा. प्लंबर विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत, कारण एकाच चेंबरला सगळे जोडले की त्यांचे काम लवकर उरकते.