कर्नलला नेमस्पेस-सूचनेचा पॅच पाठवताय? आधी नाव जुळवा

नावातल्या एका अक्षरावरून दाखला परत कसा येतो, हे खानापूर-निपाणीकडच्या माणसाला सांगायला नको. आधारवर मराठी उच्चार, मार्क्स कार्डावर कानडी वळण. लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅच (कोडमधला बदल) पाठवतानाही आमच्या बेळगावच्या पोरांचं घोडं पहिल्यांदा इथंच अडतं, म्हणून हे लिहितोय.

उदाहरणाला एक काम धरू. एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) 'सेटएनएस' किंवा 'अनशेअर' ही कर्नलची फंक्शनं वापरून नेमस्पेस बदलते, म्हणजे तिला फायली, नेटवर्क वगैरेंचं जे वेगळं जग दिसतं तेच बदलते. कंटेनर (प्रोग्रामसाठीची वेगळी, बंदिस्त खोली) सुरू होताना हे घडतंच. देखरेख करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते लगेच कळायला हवं. कर्नलमधला प्रोसेस कनेक्टर हा सूचना देणारा भाग फोर्क (नवी प्रोसेस जन्मली), एक्झेक (तिनं दुसरा प्रोग्राम सुरू केला), एक्झिट (ती संपली) हे कळवतो, नेमस्पेस बदलल्याचं कळवत नाही. ती भर घालायची आहे.

पात्रतेची अट नाही. डिग्री, वय, रहिवासी दाखला कुणी मागत नाही, फी नाही. अर्ज मराठीतही नाही आणि कानडीतही नाही, त्यामुळे तो वादही नाही!

सही म्हणजे 'साइन्ड-ऑफ-बाय'ची ओळ. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही तिथं लिहून देता. नोकरीच्या वेळेत लिहिला असेल तर आधी साहेबांना विचारा. मेल ज्या नावानं जातो तेच नाव आणि तोच पत्ता सहीत हवा. एकानं गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) घरचं लाडाचं नाव ठेवलं होतं आणि सहीत पूर्ण नाव. चेकपॅच या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टनं इशारा दिला, त्यानं तो वाचलाच नाही. २०२३ पर्यंत खरंच नाव लागायचं. आता लोक तुम्हाला ज्या नावानं ओळखतात ते चालतं, निनावी मात्र चालत नाही.

खरा अडकणारा कागद पुढं आहे, आणि तो कुणाकडेच नसतो: गरज का, याचं कारण. पर्फ या कर्नलच्याच मोजमापाच्या साधनात नेमस्पेसची नोंद कर्नल ४.१२ पासून, म्हणजे २०१७ पासून मिळते. मग हे नवीन कशाला, हा पहिला प्रश्न येणारच. 'उपयोगी पडेल' हे उत्तर नव्हे. पर्फ का पुरत नाही, ते तुमच्या सॉफ्टवेअरचं उदाहरण देऊन कमिटच्या मजकुरातच, म्हणजे बदलासोबत जाणाऱ्या वर्णनात, लिहा. सूचना आल्यावर प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारं फोल्डर) जाऊन बघू म्हणाल, तर क्षणभर जगणारी प्रोसेस तोवर संपलेली असते. म्हणून नेमस्पेसची ओळख पटवणारे डिव्हाइस नंबर आणि आयनोड नंबर, दोन्ही सूचनेतच द्या. नव्या प्रकारच्या सूचनेला एकदा दिलेला इव्हेंट क्रमांक परत घेता येत नाही, त्यामुळे कर्नलची माणसं हात आखडता घेतात. त्यात त्यांची चूक नाही; पण नवख्याला हे कुणी नीट समजावून सांगत नाही, याचा मला राग येतो.

मुदतीचा घोळ वेगळाच. मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल मुख्य कर्नलमध्ये घ्यायचा काळ, दोन आठवड्यांची असते, आणि पोरं ती अर्जाची मुदत समजून त्याच दिवसांत पॅच धाडतात. ती खिडकी मेंटेनरांसाठी, म्हणजे कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांसाठी, आहे. तुमचा पॅच त्याआधीच त्यांच्याकडे तपासून जमा झालेला हवा. आरसी-१ (खिडकी बंद झाल्यावरची पहिली चाचणी आवृत्ती) आल्यावर पाठवलात तर वाचायला कुणाला तरी सवड असते.

बाकी नेहमीचंच: कुणाला पाठवायचं ते गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते, मेल साध्या मजकुरात, गिट सेंड-ईमेलनं. जीमेलच्या पानावरून चिकटवलात तर टॅबचे स्पेस होतात आणि पॅच लागतच नाही.

उत्तराला निदान आठवडाभर थांबा, रोज आठवण करू नका. दुसरी आवृत्ती पाठवताना काय बदललं ते पॅचमधल्या तीन रेघांच्या (---) खाली लिहा. वर लिहिलंत तर ते कायमचं कर्नलच्या इतिहासात जाऊन बसतं.